‘स्त्री’ पाहून पाच जणांची पाच मते झाली, तर खरे कोणाचे मानावे?

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपण ‘स्त्री’ (2018) हा चित्रपट मित्रमैत्रिणींबरोबर घरी पाहिला. बंगळुरूत वाढलेला आपला मित्र नाराज झाला, कारण त्याच्या मते त्यांच्याकडची ‘नाळे बा’ची गोष्ट उचलून मध्य प्रदेशातल्या चंदेरीला नेली आणि तिचा विनोद केला. दुसऱ्याला भीती वाटलीच नाही. एका मैत्रिणीला चित्रपट स्त्रियांची बाजू घेणारा वाटला, दुसरीला ते सगळे ढोंग वाटले. शेवट कोणालाच नीट उलगडला नाही. इंटरनेटवर अभिप्राय वाचायला गेल्यावर तिथेही हाच गोंधळ दिसला, म्हणून आपण विचारले आहे की यातले कोणाचे मानावे आणि अशा ऐकीव दंतकथेवर बेतलेला भयपट जोखावा तरी कसा.

फिल्म सोसायटीत चित्रपट दाखवणे आणि नंतरची चर्चा चालवणे हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की दंतकथेवरच्या भयपटाबद्दल लोक बोलू लागले की ते बहुतेक वेळा चित्रपटाची तुलना दुसऱ्या चित्रपटाशी करत नसतात. त्यांनी स्वतः लहानपणी, वसतिगृहात किंवा रात्रीच्या एसटीत ऐकलेल्या गोष्टीशी ते त्याची तुलना करत असतात. अडचण अशी की ती गोष्ट प्रत्येकाने वेगळी ऐकलेली असते आणि काहींनी तर ऐकलेलीच नसते. म्हणून कोणाचे मत खरे, हे ठरवण्याआधी तो माणूस चित्रपटगृहात काय घेऊन शिरला होता, हे मी विचारतो.

मुळात अशा दंतकथेत कथा फारच थोडी असते, असतो तो एक नियम. ‘नाळे बा’चेच पाहा. 1990च्या दशकात बंगळुरू आणि आसपासच्या भागात ही वदंता पसरली होती. रात्री दार वाजते, बाहेरून आपल्याच माणसाच्या आवाजात हाक येते आणि दार उघडणारा जिवाला मुकतो. यावर उपाय एकच, दारावर कन्नडमध्ये ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवायचे. ती बाई ते वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येते आणि पुन्हा तेच वाचून परत जाते. ती कोण होती, कशाने मेली, तिला काय हवे आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते आणि ऐकणाराही विचारत नाही. नियम तेवढा पूर्ण असतो आणि तो आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचलेला असतो. चित्रपट करणाऱ्याला मात्र दोन तासांची कथा लागते. त्यामुळे भूतकाळ, कारण, नायक, प्रेमप्रकरण आणि शेवट हे सगळे बाहेरून आणून त्या नियमाला जोडावे लागते. प्रेक्षकांची भांडणे होतात ती जवळजवळ नेहमी याच जोडावर.

आता आपल्या बंगळुरूच्या मित्राकडे येऊ. राज आणि डीके यांनी लिहिलेल्या आणि अमर कौशिक यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाने दारावरचे लिखाण तसेच ठेवले, फक्त ते ‘ओ स्त्री कल आना’ असे झाले. पण नियमाचा गाभा बदलला. ‘नाळे बा’मध्ये धोका घरातल्या विश्वासाला आहे. आईच्या आवाजात हाक आली तरी दार उघडायचे नाही, ही त्यातली खरी भयंकर गोष्ट आहे. चंदेरीतली स्त्री पूजेच्या चार दिवसांत येते आणि फक्त पुरुषांना नेते. ती रस्त्यात पाठीमागून नावाने हाक मारते आणि जो मागे वळतो त्याचे कपडे तेवढे मागे उरतात. म्हणजे घराच्या उंबरठ्यावरची भीती गल्लीत आली आणि सगळ्यांची भीती एकट्या पुरुषांची झाली. ज्याने लहानपणी दाराची कडी धरून मूळ गोष्ट ऐकली आहे, त्याला या बदलात आपले काहीतरी गेल्यासारखे वाटणारच. त्याची ही तक्रार मी खरी मानतो.

त्याचा चोरीचा आरोप मात्र मला मान्य नाही. वदंतेला मालक नसतो आणि ती एका गावात थांबतही नाही. दिल्लीत मे 2001मध्ये ‘काला बंदर’ची, म्हणजे रात्री हल्ला करणाऱ्या माकडासारख्या प्राण्याची, भीती पसरली होती आणि पुढे राकेश ओमप्रकाश मेहरा यांनी ती ‘दिल्ली-6’मध्ये (2009) वापरली. 2017च्या उन्हाळ्यात राजस्थान, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश या पट्ट्यात झोपेत बायकांच्या वेण्या कापल्या जातात अशी आवई उठली आणि दारांवर लिंबू-मिरच्या व कडुलिंबाचे डहाळे टांगले गेले. ‘स्त्री’त वेणीला महत्त्व आहे आणि चित्रपट त्यानंतरच्याच वर्षी आला, म्हणून ते तिथूनच घेतले असे मी म्हणणार नाही. पण 31 ऑगस्ट 2018 रोजी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा उत्तरेतल्या प्रेक्षकाच्या कानात ती आवई ताजी होती, हे अभिप्राय वाचताना लक्षात ठेवावे. बंगळुरूच्या प्रेक्षकाने दार आणले होते आणि हरियाणाच्या प्रेक्षकाने वेणी. एकच चित्रपट त्या दोघांना सारखा भिडणे शक्यच नव्हते.

मराठी वाचकांना हा प्रकार समजायला अवघड जाऊ नये, कारण ‘मुंज्या’ (2024) आला तेव्हा आपणही त्याच मित्राच्या जागी होतो. आदित्य सरपोतदार यांचा हा चित्रपट कोकणात घडतो. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, हे आपल्याकडे अनेकांनी आजीकडून ऐकलेले असते. तो खोड्या काढतो, दगड मारतो, वाट चुकवतो, पण सहसा जिवावर उठत नाही, अशी त्याची घरगुती ख्याती आहे. चित्रपटातला मुंज्या मुन्नी नावाच्या मुलीशी लग्न करण्यासाठी हट्टाला पेटलेला आणि चांगलाच हिंस्र आहे. चर्चेत मला स्पष्ट दिसले की हिंदी भाषक प्रेक्षक संगणकावर घडवलेल्या त्या प्राण्याविषयी बोलत होते, तर मराठी प्रेक्षक ‘मुंज्या असा नसतो’ यावर वाद घालत होते. दुसरा गट चित्रपट पाहत नव्हता असे नाही, पण त्याच्याकडे आधीपासून एक मुंज्या होता. अशा प्रेक्षकाचे मत वाचताना दंतकथेशी निष्ठा या मुद्द्यावर त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवावा आणि चित्रपटाच्या वेगावर किंवा अभिनयावर तो काय म्हणतो ते थोडे हात राखून घ्यावे, कारण मन आधीच दुखावलेले असते.

दंतकथा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली की नेमके काय बदलते, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण ‘कँडीमॅन’ (1992) हे आहे. क्लाइव्ह बार्कर यांची मूळ कथा लिव्हरपूलमधल्या गरीब वस्तीत घडते. दिग्दर्शक बर्नार्ड रोझ यांनी ती शिकागोतल्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी गृहसंकुलात नेली, जिथे बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय होते. नियम साधा आहे, आरशासमोर ‘कँडीमॅन’ हे नाव पाच वेळा घ्यायचे आणि ते भूत येते. पण जागा बदलल्यामुळे भूत एका गोऱ्या जमावाने मारलेल्या कृष्णवर्णीय चित्रकाराचे झाले आणि त्याच्या मागावर असलेली संशोधक गोरी राहिली. यातले एक दृश्य मी चर्चेत पुन्हा दाखवतो. नायिका स्वतःच्या महागड्या घरात न्हाणीघरातले औषधांचे कपाट भिंतीतून काढते, तर पलीकडे शेजारच्या घरातले कपाट. तिची इमारत आणि ती ज्या वस्तीला भिते ती वस्ती एकाच नकाशावर बांधलेली आहे. या दृश्यात रक्त नाही, किंकाळी नाही, तरीही अनेकांना तेच सर्वांत अस्वस्थ करते.

त्या चित्रपटावरही मते दुभंगली. कोणाला तो वर्णद्वेषाचा इतिहास भुताच्या रूपाने समोर आणणारा वाटला, तर कोणाला गोऱ्या स्त्रीमागे लागलेला काळा पुरुष ही जुनीच भीती त्याने नव्याने विकल्यासारखी वाटली. दोन्ही मते चित्रपटात जे खरोखर आहे त्यावरच उभी आहेत. 2021मध्ये निया डाकॉस्टा यांनी याच नावाचा चित्रपट केला तेव्हा कथेचा केंद्रबिंदू कृष्णवर्णीय चित्रकाराकडे गेला, आणि मला तरी ते दुसऱ्या गटाच्या आक्षेपाला दिलेले उत्तर वाटते. म्हणून परस्परविरोधी मते दिसली की एक खोटे असलेच पाहिजे, असे मानू नये. कोण कुठे उभा राहून पाहतो आहे, ते आधी पाहावे.

‘भीती वाटलीच नाही’ हे मत मात्र मी वेगळ्या कप्प्यात ठेवतो, कारण ते फार मोठ्या प्रमाणात परिस्थितीवर अवलंबून असते. आपण चित्रपट घरी पाहिला, बहुधा दिवा लावून, मधे चहा करून. ‘स्त्री’मधल्या भयाच्या दृश्यांची मुख्य युक्ती पाठीमागून येणारी हाक ही आहे. चित्रपटगृहात अंधार असतो आणि आवाज चहूबाजूंनी येतो, त्यामुळे पात्राबरोबर आपलीही मान आखडते. समोरच्या एका टीव्हीतून तीच हाक आली की तिच्यातला जीव निम्मा जातो. शिवाय हा भयविनोद आहे. पंकज त्रिपाठींचा रुद्र भुताविषयी गंभीर चेहऱ्याने सांगतो की गावातल्या सगळ्यांचे आधार कार्ड तिच्याकडे जोडलेले आहे, कारण तिला प्रत्येकाचे नाव माहीत असते. भरलेल्या सभागृहात या वाक्यावर हशा पिकतो, लोक सैल होतात आणि पुढचा धक्का म्हणूनच बसतो. चौघांच्या खोलीत हशा होत नाही आणि धक्काही बसत नाही. एखाद्याला भीती वाटली नाही हे त्याच्यापुरते निर्विवाद सत्य आहे, पण त्यावरून चित्रपट घाबरवू शकत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे आधी दिलेले आश्वासन. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ 1999मध्ये आला तेव्हा त्यातली चेटकिणीची दंतकथाच मुळी निर्मात्यांनी रचलेली होती. संकेतस्थळ आणि बेपत्ता व्यक्तींची पत्रके यांतून तिघे तरुण खरोखर नाहीसे झाले आहेत असा समज पसरवण्यात आला. समीक्षकांनी चित्रपटाचे कौतुक केले आणि त्याने जगभरात सुमारे 25 कोटी डॉलरची कमाई केली, तरीही अमेरिकेत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोअरमध्ये त्याला सी-प्लस मिळाली, जी मोठ्या यशाला मुळीच शोभणारी नाही. ज्यांना चेटकीण दिसेल असे वाटले होते त्यांना झाडे, काड्यांच्या बाहुल्या आणि अंधार दिसला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण तो आश्वासनावरचा राग आहे. ‘स्त्री’च्या सुरुवातीलाच, हास्यास्पद वाटावी अशी पण खरी घटना हा या गोष्टीचा आधार असल्याचे सांगितले जाते. ‘खरी’ हा शब्द पकडून बसलेला प्रेक्षक आणि ‘हास्यास्पद’ पकडणारा प्रेक्षक पहिल्याच मिनिटाला वेगळ्या वाटेने जातात.

आता आपल्या दोन मैत्रिणींचा वाद, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चित्रपटाने नियम उलटा केला आहे. रात्री एकटे बाहेर जाऊ नकोस, कोणी हाक मारली तर वळून पाहू नकोस, सोबत घेऊन जा, हे जे मुलींना जन्मभर सांगितले जाते ते इथे पुरुषांना सांगितले जाते आणि जीव वाचवण्यासाठी ते साड्या नेसून फिरू लागतात. रुद्रचे स्पष्टीकरण तर याहून टोकदार आहे. ही स्त्री पुरुषांसारखी बळजबरी करत नाही, आधी हाक मारते आणि तो वळला तरच संमती समजते, असे तो सांगतो. भिंतीवरचे वाचून ती परत जाते, म्हणजे ती शिकलेली आहे आणि सांगितलेले ऐकणारीही आहे. दंतकथेतल्या कोरड्या नियमातून विनोद आणि विचार दोन्ही काढण्याचे हे काम फार थोड्या लेखकांना जमते. पहिल्या मैत्रिणीने हे पाहिले आहे.

दुसरीने जे पाहिले तेही पडद्यावरच आहे. पुरुषांच्या नजरेची टर उडवणाऱ्या याच चित्रपटात ‘कमरिया’सारखे गाणे आहे आणि त्यात कॅमेरा नेमकी तीच नजर घेऊन उभा राहतो. श्रद्धा कपूर यांच्या पात्राला नाव नाही. ते गूढतेसाठी केले आहे हे मान्य, पण त्यामुळे ती जवळजवळ पूर्ण वेळ नायकाचे कोडे बनून राहते. बदनामी, बळी आणि सूड ही जुनी साखळीसुद्धा शेवटी एका पुरुषाच्या चांगुलपणानेच सुटते. माझे स्वतःचे मत पहिल्या मैत्रिणीकडे झुकते, कारण पटकथेचा कणा तिकडे आहे आणि गाणी बाजारासाठी चिकटवलेली दिसतात. मात्र गाणी चिकटवलेली आहेत म्हणून ती मोजायचीच नाहीत, असे दुसरीला सांगणे अन्यायाचे होईल. तिने तिकीट अख्ख्या चित्रपटाचे काढले होते.

इंटरनेटवरच्या तारांकित सरासरीबद्दल आपण विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात देतो. अशा चित्रपटांना दोन्ही टोकांची मते मिळतात आणि सरासरी त्या दोन टोकांच्या मधल्या, कोणाचेच नसलेल्या जागी जाऊन बसते. म्हणून मी आकडा न पाहता चार-पाच लांब अभिप्राय वाचतो आणि लिहिणाऱ्याने एखादे दृश्य नेमके सांगितले आहे का, ते पाहतो. ‘भंगार’ किंवा ‘अप्रतिम’ एवढेच लिहिणाऱ्याकडून मला काही मिळत नाही. ‘भिंतीवरचे वाचून ती परत जाते ते पटले नाही’ असे लिहिणारा माझ्याशी असहमत असला तरी उपयोगी असतो. आपल्या मित्रमंडळींत चर्चा करायची असेल तर आवडला का, हा प्रश्न बाजूला ठेवून असे विचारून पाहावे : ही गोष्ट तुम्ही आधी ऐकली होती का, कोणाकडून, आणि त्यात वाचायचा उपाय काय होता? उत्तरांतच निम्मी भांडणे उलगडतात. प्रदर्शनाच्या पहिल्या तीन दिवसांतली मते आणि महिन्यांनी ओटीटीवर पाहिलेल्यांची मते मी एका ढिगात टाकत नाही, त्याचे कारण वर आलेच आहे.

राहता राहिला शेवट, ज्याबद्दल आपण सगळेच गोंधळलात. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा भाग सोडून द्यावा. इथे प्रत्यक्षात दोन शेवट आहेत. पहिल्यात स्त्रीची वेणी कापली जाते, तिची शक्ती त्यात असल्याचे सांगितले जाते आणि नाव नसलेली ती मुलगी पुढे बसमध्ये ती वेणी स्वतःच्या केसांना जोडून नाहीशी होते. दुसऱ्यात पुढच्या वर्षी स्त्री परत येते तेव्हा गावाने तिची मूर्ती उभारलेली असते, तिथे ‘ओ स्त्री रक्षा करना’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून ती निघून जाते.

दंतकथेच्या नियमाशी ताडून पाहिले तर या दोहोंत मोठा फरक आहे. दुसरा शेवट नियमातूनच उगवला आहे. ती वाचते आणि लिहिलेले मानते, हे आपल्याला सुरुवातीपासून दाखवलेले असते. गावाने फक्त मजकूर बदलला, तिला उद्यावर ढकलण्याऐवजी मान दिला, आणि म्हणून ती थांबते. ज्याला ही वदंता मुळीच माहीत नव्हती असा प्रेक्षकही हा शेवट न समजावता समजतो, असे मी चर्चेत पाहिले आहे. वेणीचे तसे नाही. शक्ती वेणीत आहे हे अगदी उशिरा, गरज पडल्यावर सांगितले जाते. दारावरच्या अक्षरांशी, हाकेशी किंवा संमतीशी तिचा संबंध जोडलेला नाही, आणि बसमधले दृश्य तर पुढच्या भागासाठी दार उघडे ठेवण्याकरिता आहे. तो पुढचा भाग 15 ऑगस्ट 2024 रोजी आला आणि त्यात स्त्रीऐवजी सरकटा, म्हणजे मुंडके नसलेले भूत, हे नवे भय आणावे लागले, कारण स्त्रीला रक्षक करून पहिल्या चित्रपटाने तिचा नियम आधीच संपवून टाकला होता. सरकट्याला असा दारावर लिहिण्यासारखा उपाय नाही. तो पकडतो आणि नेतो, त्यामुळे त्या भागाबद्दलची मते नियमापेक्षा दृश्य करामती आणि पाहुण्या कलाकारांभोवतीच अधिक फिरताना दिसतात.

तेव्हा शेवट कळला नाही असे आपल्या गटात जे म्हणाले, त्यांना वेणी डोळ्यांसमोर असेल तर ते बरोबर आहेत आणि त्यात त्यांच्या समजेची उणीव नाही. मूर्तीचा शेवट त्यांना कळला नसेल तर चित्रपट पुन्हा एकदा पाहावा, आणि या वेळी भिंतीवरची अक्षरे कोण कधी वाचते एवढ्यावरच लक्ष ठेवावे. बंगळुरूच्या मित्रालाही सोबत बसवावे. त्याने ऐकलेल्या गोष्टीत ती बाई रोज रात्री वाचून परत जात असे, पण कोणी कधी दारावरचा मजकूर बदलून पाहिला होता का, हे मला त्याच्याकडून ऐकायला आवडेल.